जोर कुठं पडतो ते ऐका : स्पॅनिशमधली रूप बदलणारी क्रियापदं

स्पॅनिशचे पहिले काही धडे फार गोड असतात. ‘आब्लार’ म्हणजे बोलणे, मग मी बोलतो ‘आब्लो’, आपण बोलतो ‘आब्लामोस’. ‘कोमेर’ म्हणजे खाणे, मी खातो ‘कोमो’. शेवट बदलायचा, बाकी शब्द जागच्या जागी. नगरच्या कॉलेजातली मुलं आठवड्याभरात हे पाठ करतात आणि म्हणतात, ही तर आपल्या संस्कृतपेक्षा सोपी भाषा आहे. मग ‘पोदेर’ येतं. पोदेर म्हणजे शकणे. ‘मी शकतो’ला ‘पोदो’ व्हायला हवं, ते होतं ‘प्वेदो’. ‘केरेर’ म्हणजे हवे असणे, त्याचं ‘क्येरो’. ‘पेदीर’ म्हणजे मागणे, त्याचं ‘पिदो’. इथं पुष्कळांची गाडी अडते, आणि वैताग येतो तो यासाठी की ‘आम्ही शकतो’ म्हणताना तोच शब्द पुन्हा मुकाट्यानं ‘पोदेमोस’ होतो.

पुस्तकं यांना अनियमित क्रियापदांच्या शेजारी बसवतात. माझ्या मते तिथंच घोळ सुरू होतो. खरी अनियमित क्रियापदं कशी असतात ते मराठी माणसाला सांगायला नको. आपलं ‘जा’ भूतकाळात ‘गेला’ होतं, ‘ये’चं ‘आला’, ‘कर’चं ‘केला’. त्याला कारण विचारू नये, पाठ करावं. स्पॅनिशमध्येही जाण्याचं क्रियापद असंच आहे : ‘ईर’चं मी जातो ‘बोय’ आणि मी गेलो ‘फुई’. पण पोदेर–प्वेदो त्या जातीचं नाही. ते आपल्या फूल–फुलाला, तूप–तुपात, वीट–विटांचा या जातीचं आहे. एकट्या ‘फूल’मधला ऊ लांब असतो, प्रत्यय लागला, शब्द पुढे वाढला की तो आखडतो. आपण लहानपणी हे नियम म्हणून शिकलो नाही, कानानं शिकलो. शुद्धलेखनाचा नियम शाळेत नंतर आला.

स्पॅनिशमध्येही कारण उच्चाराचंच आहे, आणि ते एका वाक्यात सांगता येतं : धातूतल्या स्वरावर जोर पडला की तो फुटतो, जोर प्रत्ययावर सरकला की तो जसाच्या तसा राहतो. ‘प्वेदो’मध्ये जोर ‘प्वे’वर आहे. ‘पोदेमोस’मध्ये जोर ‘दे’वर गेला, म्हणून आधीचा ‘पो’ शाबूत. सहाही रूपं मोठ्यानं म्हणून बघा : प्वेदो, प्वेदेस, प्वेदे, पोदेमोस, पोदेइस, प्वेदेन. चार ठिकाणी जोर पहिल्या अक्षरावर, दोन ठिकाणी दुसऱ्यावर. जिथं दुसऱ्यावर, तिथं बदल नाही.

जोर कुठं पडतो हे ओळखणंही अवघड नाही. शब्दाचा शेवट स्वरानं, न् नं किंवा स् नं होत असेल तर जोर शेवटून दुसऱ्या अवयवावर. इतर व्यंजनानं होत असेल तर शेवटच्या. म्हणून ‘पोदेर’मध्ये जोर ‘देर’वर. याला अपवाद असेल तिथं स्पॅनिश लोक अक्षराच्या डोक्यावर तिरकी रेघ देऊन मोकळे होतात. इतकी सरळ सोय फार थोड्या भाषांत आहे.

अडचण आपल्या बाजूची आहे. मराठीत जोरामुळं शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळं आपला कान जोर टिपत नाही आणि आपण सगळी अक्षरं एका मापानं म्हणतो : पो-दे-मोस. असं सपाट म्हणणाऱ्याला ‘प्वेदेमोस’ म्हटलं काय नि ‘पोदेमोस’ म्हटलं काय, दोन्ही सारखंच बरोबर वाटणार. उपाय साधा आहे. जोराच्या अक्षरावर टेबलावर थाप मारा. ‘प्वे’वर थाप, ‘दो’ हलकं. ‘पो’ हलकं, ‘दे’वर थाप, ‘मोस’ हलकं. सुरुवातीला वेड्यासारखं वाटतं, होस्टेलवर राहत असाल तर शेजारच्या खोलीतले भिंत वाजवतील. पण काही दिवसांत ‘प्वेदेमोस’ म्हणताना थाप कुठं मारावी हेच कळेनासं होईल, आणि तो शब्द आपोआप तोंडातून येणं थांबेल.

दुसरी गोष्ट लिहिण्याची. बरीच मराठी मुलं वहीत ‘पुएदो’ लिहितात आणि मग तीन ठोक्यांत वाचतात, पु-ए-दो. स्पॅनिशमध्ये ‘पुए’ हा एकच ठोका आहे. देवनागरीत त्यासाठी जोडाक्षर तयार आहे, ते वापरा : प्वे. ‘स्वेटर’मधला ‘स्वे’ जसा एका झटक्यात निघतो तसा. ‘किएरो’ नको, ‘क्येरो’. रोमन लिपीत शिकणाऱ्याला जे समजावून सांगावं लागतं ते आपली लिपी नुसत्या दिसण्यानं सांगते. उच्चाराच्या सवयीसाठी वहीत रोमन शब्दाखाली असं देवनागरी लिहायला हरकत नाही, मास्तर काहीही म्हणोत.

असं लिहिलं की फुटणारे स्वर कसे फुटतात तेही दिसतं. ‘ए’चा होतो ‘ये’ आणि ‘ओ’चा होतो ‘वे’. आता जरा पारनेर-पाथर्डीकडच्या एखाद्या आजीचं बोलणं आठवा. ती ‘एक’ म्हणत नाही, ‘येक’ म्हणते. ‘एवढं’चं ‘येवढं’, ‘ओळख’ची ‘वळख’, ‘ओढ्या’चा ‘वढा’. जुन्या मोडी कागदांतही ‘येक’ सर्रास सापडतं. शाळेत आपण हे बोलणं अशुद्ध म्हणून खोडून काढतो, पण ‘ए’च्या आधी ‘य’ची आणि ‘ओ’च्या आधी ‘व’ची चाहूल लागणं ही जिभेची स्वाभाविक चाल आहे, ती इथल्या जिभेला ठाऊक आहे. फरक इतकाच की आपल्याकडं ती शब्दाच्या सुरुवातीला येते आणि स्पॅनिशमध्ये जोर असेल तिथं. दोन्ही एकत्र बघायचं असेल तर ‘ओलेर’ घ्या, म्हणजे वास येणे : मला वास येतो ‘वेलो’, आपल्याला वास येतो ‘ओलेमोस’.

शब्दात दोन ‘ए’ असले तर कुठला फुटतो? प्रत्ययाला लागून असलेला. ‘एन्तेन्देर’ म्हणजे समजणे, त्याचं ‘एन्त्येन्दो’. ‘एम्पेसार’ म्हणजे सुरू करणे, त्याचं ‘एम्प्येसो’. ‘प्रेफेरीर’चं ‘प्रेफ्येरो’. आणि ‘आ’च्या वाट्याला हे फुटणं कधी जात नाही. आपल्या ‘पगारा’चं मूळ पोर्तुगीज ‘पागार’, देणं फेडणे. स्पॅनिशमध्येही तेच क्रियापद आहे आणि ते सरळ ‘पागो’ होतं. गोव्यात ज्यांच्या घरी थोडी पोर्तुगीज कानावर पडली आहे त्यांनी इथं सावध राहावं. पोर्तुगीजमध्ये दाराला ‘पोर्ता’ म्हणतात, स्पॅनिशमध्ये ‘प्वेर्ता’. जी फूट स्पॅनिशनं पत्करली ती पोर्तुगीजनं पत्करली नाही, त्यामुळं ओळखीचा शब्दच दगा देतो.

आता सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न : कुठलं क्रियापद फुटणार आणि कुठलं नाही, हे मूळ रूपावरून ओळखता येतं का? नाही येत. ‘कोन्तार’ म्हणजे मोजणे किंवा गोष्ट सांगणे, त्याचं ‘क्वेन्तो’. पण ‘मोन्तार’ म्हणजे स्वार होणे, त्याचं ‘मोन्तो’. ‘कोस्तार’ म्हणजे किंमत पडणे, ‘क्वेस्ता’. ‘कोर्तार’ म्हणजे कापणे, ‘कोर्ता’. स्पॅनिश जिच्यातून आली त्या लॅटिनमध्ये आखूड ‘ए’ आणि ‘ओ’ वेगळे होते, लांब वेगळे. जोराखाली आखूड स्वर फुटले, लांब बहुधा टिकले. स्पॅनिशमध्ये ते मापच पुसलं गेलं, मागं हा परिणाम उरला. आज डोळ्यांना ते दिसत नाही.

पण एक वाट आहे, आणि पुस्तकं ती फारशी दाखवत नाहीत. नामं आधी शिका. ‘क्वेन्तो’ म्हणजे गोष्ट, हा शब्द माहीत असेल तर ‘कोन्तार’ फुटणार हे कळलंच. ‘स्वेन्यो’ म्हणजे स्वप्न, तेव्हा ‘सोन्यार’ फुटतं. ‘ब्वेलो’ म्हणजे विमानाचं उड्डाण, म्हणून ‘बोलार’ (उडणे) फुटतं. ‘आल्म्वेर्सो’ म्हणजे दुपारचं जेवण, ‘आल्मोर्सार’ म्हणजे ते जेवणे. ‘ह्वेगो’ म्हणजे खेळ, आणि ‘हुगार’ हे खेळण्याचं क्रियापद ‘उ’ असूनही ‘वे’ होतं, या जातीतलं जवळजवळ एकटंच. नामातही जोर त्याच स्वरावर असतो, म्हणून तोही फुटतो. इतकंच काय, तुम्ही आकडे शिकलात तेव्हाच हा नियम शिकलात : सात ‘स्येते’, पण सत्तर ‘सेतेन्ता’, नऊ ‘न्वेवे’, पण नव्वद ‘नोवेन्ता’. शब्द लांबला, जोर पुढे गेला, स्वर मिटला. देश ‘बेनेस्वेला’, तिथला माणूस ‘बेनेसोलानो’. नगरचा भुईकोट दाखवताना किल्ल्याला ‘फ्वेर्ते’ म्हणा किंवा ‘फोर्तालेसा’, दोन्ही शब्द चालतात आणि दोन्हीत हीच गंमत आहे.

वर्गात हे शिकवताना फळ्यावर बहुधा बूट काढतात. एकवचनी रूपं डावीकडं, अनेकवचनी उजवीकडं लिहायची आणि बदलणाऱ्या चार घरांभोवती रेघ ओढली की बुटाचा आकार होतो. परीक्षेच्या पेपरात बूट उपयोगी पडतो, बोलताना नाही. समोरचा माणूस वाट बघत असताना कोणी मनात बूट काढत नाही. शिवाय अर्जेंटिनात गेलात तर बूट फाटतो : तिथं मित्राला ‘तू शकतोस’ म्हणताना ‘प्वेदेस’ म्हणत नाहीत, ‘पोदेस’ म्हणतात, जोर शेवटच्या अक्षरावर. ‘केरेस’, ‘दोर्मीस’, तसंच. आकृती पाठ करणारा इथं गोंधळतो. ज्याला जोर ऐकू येतो त्याला ते रूप आपोआप बरोबर वाटतं.

म्हणून माझा सल्ला असा : सहा रूपांचे तक्ते लिहिणं थांबवा. प्रत्येक क्रियापद वहीत तीन शब्दांत लिहा. पोदेर, प्वेदो, पोदेमोस. पेन्सार, प्येन्सो, पेन्सामोस. दोर्मीर, द्वेर्मो, दोर्मीमोस. मूळ रूप, फुटलेलं रूप, न फुटलेलं रूप. बाकीची रूपं यातूनच निघतात. आणि सुरुवात रोजच्या वापरातल्या पंधरा-वीस क्रियापदांनी करा; पाचशेंची यादी छापलेली पुस्तकं कपाटात राहू द्या.

मग दोघांनी मिळून सवाल-जवाब करा, कारण चूक नेमकी तिथं होते. समजा चांदबिबीच्या महालापाशी (कबर सलाबतखानाची, पण नगरकरांसाठी तो चांदबिबीचाच महाल) दोन पाहुणे उभे आहेत. तुम्ही विचारता, ‘प्वेदेन सुबीर?’ तुम्हाला वर चढता येईल का? ते म्हणतात, ‘सी, पोदेमोस.’ आता उलटं करा. पाहुणे तुम्हा मित्रांना विचारतात, ‘क्येरेन काफे?’ कॉफी घेणार? प्रश्नातला ‘क्ये’ कानात घुमत असतो, म्हणून नवखा माणूस हमखास ‘क्येरेमोस’ म्हणून जातो. उत्तर ‘केरेमोस’. ‘एन्त्येन्देन?’ ‘नो, नो एन्तेन्देमोस.’ ‘ब्वेल्वेन मान्याना?’ उद्या परत येणार? ‘सी, बोल्वेमोस.’ एकानं फुटलेल्या रूपात विचारायचं, दुसऱ्यानं मिटलेल्या रूपात उत्तर द्यायचं. एसटीत बसल्या बसल्या होण्यासारखा हा सराव आहे, आणि माळीवाडा स्टँडवरून पुण्याला जाईपर्यंत वेळही भरपूर असतो.

एकट्यानं करायचं असेल तर आपला दिवस लिहा. योगायोग असा की स्पॅनिशमध्ये दिवसभराची बरीच कामं याच क्रियापदांत आहेत. मला जाग येते, ‘मे देस्प्येर्तो’. कपडे करतो, ‘मे बिस्तो’. काम सुरू करतो, ‘एम्प्येसो’. जेवतो, ‘आल्म्वेर्सो’. राहुरीला परत येतो, ‘ब्वेल्वो आ राहुरी’. आडवा होतो, ‘मे आक्वेस्तो’. झोपतो, ‘द्वेर्मो’. आता तोच दिवस बहिणीला धरून ‘आम्ही’मध्ये लिहा : नोस देस्पेर्तामोस, नोस बेस्तीमोस, एम्पेसामोस, आल्मोर्सामोस, बोल्वेमोस, नोस आकोस्तामोस, दोर्मीमोस. एकही स्वर फुटलेला नाही. हे दोन परिच्छेद शेजारी शेजारी ठेवून मोठ्यानं वाचल्यावर जे कळतं ते कुठल्याही तक्त्यातून कळत नाही. पावसाचं क्रियापद ‘योवेर’ मात्र या सरावात बसत नाही. पाऊस ‘आम्ही’ पडत नाही, त्यामुळं वर्तमानकाळात ते कायम ‘य्वेवे’. आपल्या जिल्ह्यात त्याच्या आधी ‘नो’ लावायची सवय ठेवलेली बरी.

तिसरा गट, ‘ए’चा ‘इ’ होणारा, फक्त ‘ईर’नं संपणाऱ्या क्रियापदांत असतो : पेदीर–पिदो, सेर्वीर–सिर्वो, रेपेतीर–रेपितो, सेगीर–सिगो. पेदीर म्हणजे वस्तू मागणे. प्रश्न विचारण्यासाठी वेगळं क्रियापद आहे, ‘प्रेगुन्तार’. हॉटेलात ‘पिदो’ म्हटलं तर चहा येईल, पत्ता विचारताना म्हटलं तर समोरचा चक्रावेल.

या ‘ईर’वाल्यांची एक खोड आणखी आहे आणि ती भूतकाळात दिसते. त्यानं मागितलं, ‘पिद्यो’. त्यांनी मागितलं, ‘पिद्येरोन’. तो झोपला, ‘दुर्म्यो’. मागत असताना, ‘पिद्येन्दो’. झोपत असताना, ‘दुर्म्येन्दो’. इथं जोर प्रत्ययावर आहे, तरी स्वर बदलला. का? देवनागरीतच उत्तर आहे : प्रत्यय ‘य’नं सुरू होतोय. ‘द्य’, ‘म्य’. हा ‘य’ मागच्या ‘ए’ला ‘इ’कडं आणि ‘ओ’ला ‘उ’कडं ओढतो. ‘मी मागितलं’ला ‘य’ नाही, म्हणून ‘पेदी’. पण हे फक्त ‘ईर’ गटात. ‘बोल्वेर’चं तो परतला ‘बोल्व्यो’, तिथं ‘य’ असूनही काही होत नाही; ‘कोन्तार’चं ‘कोन्तो’. भविष्यकाळात तर जोर कायम प्रत्ययावर, म्हणून कुठल्याच गटात फूट नाही : दोर्मिरे, कोन्तारे, पेदिरे.

‘तेनेर’ (जवळ असणे) आणि ‘बेनीर’ (येणे) ही दोन मात्र अर्धी इकडची, अर्धी तिकडची. ‘मी’ला ‘तेन्गो’, ‘बेन्गो’, आणि ‘तू’ला नियमाप्रमाणं ‘त्येनेस’, ‘ब्येनेस’. रोज लागणारे शब्द आहेत, चार दिवसांत अंगवळणी पडतात. ‘मे स्येन्तो’ने मात्र बिचकू नका. ते ‘सेन्तीर’चंही रूप आहे, ‘सेन्तार’चंही, म्हणजे मला (बरं-वाईट) वाटतं आणि मी बसतो, दोन्हीला तेच. ‘आम्ही’ म्हटलं की फरक लगेच उघडा पडतो : ‘नोस सेन्तीमोस’, आम्हाला वाटतं, ‘नोस सेन्तामोस’, आम्ही बसतो.

ऐकायला काय घ्यावं, हा प्रश्न नेहमी येतो, आणि मालिका-सिनेमांची नावं सगळे सुचवतातच. मी वेगळं सुचवेन. विसेंते फेरेर हे बार्सिलोनाचे जेझुइट १९५२ मध्ये भारतात आले आणि पुढं मनमाडला शेतकऱ्यांबरोबर विहिरी खोदण्याच्या कामात उतरले. मनमाड आपल्या दौंड-मनमाड रेल्वेमार्गावरचंच. १९६८ मध्ये त्यांना देश सोडायला सांगण्यात आलं, नंतर ते परत येऊन आंध्रातल्या अनंतपूरला स्थिरावले आणि २००९ मध्ये तिथंच वारले. त्यांच्या नावानं स्पेनमध्ये मोठी संस्था आहे आणि तिच्या स्पॅनिश चित्रफिती बघायला मिळतात. विषय कुठले? दुष्काळ, विहीर, गाई-म्हशी, मुलींची शाळा. म्हणजे नगर जिल्ह्यातल्या माणसाला शब्द कळण्याआधी गोष्ट कळलेली असते, आणि कान रिकामा राहतो तो जोर टिपायला. पहिल्यांदा ऐकताना अर्थाच्या मागं लागू नका; फक्त ‘ये’ आणि ‘वे’ कुठं कुठं ऐकू येतात ते कागदावर टिपा. ‘प्वेदेन’, ‘त्येनेन’, ‘क्येरे’, ‘एम्प्येसा’ हे शब्द पुन्हा पुन्हा येतील.

शिक्षक हवा असेल तर पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषांचा विभाग आहे. परीक्षेच्या वाटेनं जायचं असेल तर स्पॅनिशच्या प्रमाणपत्रासाठी ‘डेले’च्या परीक्षा आहेत, आणि त्या पाहणाऱ्या इन्स्तितुतो सेर्वान्तेसचं केंद्र दिल्लीत आहे. वर्तमानकाळातली फूट या परीक्षांच्या अगदी पहिल्या पायऱ्यांवरच लागते, ‘पिद्यो–दुर्म्यो’ त्यानंतर. एखाद्या क्रियापदाबद्दल शंका आली तर १७१३ मध्ये स्थापन झालेल्या स्पॅनिश अकादमीचा कोश इंटरनेटवर फुकट आहे. त्यात क्रियापद टाकलं की त्याची सगळी रूपं उघडतात. सगळी वाचत बसू नका. ‘मी’ आणि ‘आम्ही’ची दोन रूपं बघा, ‘ईर’नं संपत असेल तर भूतकाळातलं ‘तो’चं तिसरं, वहीत उतरवा, थाप मारून दोनदा म्हणा आणि कोश बंद करा.